जास्तीचे टाके काढणारी शमीमभाभी

"मोजलंत का, बाई?"

कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडून हा प्रश्न आला तेव्हा मी विहिरीवरच्या पंपाच्या नावाने खडे फोडत उभी होते. वाडीतल्या शेवटच्या रांगेतल्या पोफळींना पाणी पोचत नव्हतं. पंप म्हातारा झाला, आता नवाच घ्यायचा, असं मी ठरवूनही टाकलं होतं. वळून पाहिलं तर डोक्यावरून ओढणी घेतलेली, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेली एक ठेंगणी बाई गडग्याला टेकून उभी. हातात चहाचा कप, आणि त्या चहावर साय धरलेली.

"काय मोजायचं?" मी विचारलं.

"पाणी. पंपाच्या तोंडाशी बादली किती वेळात भरते नि शेवटच्या पोफळीशी किती वेळात. पंप दमलाय की पाणी वाटेत कुठे जातंय, ते मोजल्याशिवाय कसं कळायचं?"

श्रीवर्धनच्या हायस्कुलात उभा जन्म गणित शिकवण्यात घालवलेल्या बाईला कुणी 'मोजलंत का' विचारावं, हे मला जरा लागलंच. पण बादली घेतली. पंप ठणठणीत निघाला. पाणी मधल्या एका सांध्यातून, झावळ्यांच्या ढिगाखाली, गुपचूप जमिनीत मुरत होतं. ती बाई गडगा ओलांडून आली, माझ्याबरोबर सांधा आवळला, "झालं" म्हणाली आणि गार झालेला चहा तसाच पिऊन टाकला.

ही शमीमभाभी. आमची आळी आणि तिचा मोहल्ला यांच्या पाठी एकमेकींना लागलेल्या. मध्ये फक्त तो गडगा. माझ्याहून ती बरीच लहान, पण सगळे भाभी म्हणायचे म्हणून मीही म्हणू लागले. ती मला 'बाई' म्हणायची, शाळेतल्या मुलांसारखं.

तिचा नवरा, इक्बालभाई, मस्कतला नोकरीला. भाभी स्वतः मुंबईत शिकलेली इंजिनीअर. लग्नानंतर तीही तिकडे एका कंपनीत यंत्रांसाठी प्रोग्रॅम लिहायची. मग इथे तिच्या सासूबाई, हाजराबी, अंगणात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडून बसल्या. मस्कतला यायला त्यांनी साफ नकार दिला. "माझी माती इथली हाय," एवढंच त्यांचं म्हणणं. भाभीने नोकरी सोडली आणि इथे आली. हे तिने मला सांगितलं तेव्हा आवाजात तक्रार नव्हती. "अम्मा तिकडे येणार न्हाईत, म्हणजे मी इकडे येणार. हिशोब सोपा होता."

सासूचं सगळं आटोपलं की कोपऱ्यातल्या खोलीत लॅपटॉप उघडून ती बसायची. आळीत बोलवा होती की ती परदेशातल्या कुठल्याशा ऑफिसचं काम करते. मी एकदा सरळच विचारलं. तेव्हा तिने जे सांगितलं ते असं.

आपला संगणक किंवा मोबाइल सुरू केला की पडद्यामागे एक प्रणाली कामाला लागते. तिच्या अगदी आत एक गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. कुठल्या कामाला किती वेळ द्यायचा, कुठली फाइल कुठून आणायची, कुणाला किती जागा द्यायची, हे सगळं तो बघतो. यातल्या एका प्रणालीचा कर्नल कुणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. तो सगळ्यांना उघडा आहे. कुणीही वाचावा, कुणीही दुरुस्ती सुचवावी. जगभरातली माणसं ईमेलने दुरुस्त्या पाठवतात, दुसरी माणसं त्या चारचौघांत तपासतात. पटलं तर घेतात. नाही पटलं तर तेही चारचौघांतच सांगतात.

"अशा दुरुस्तीला पॅच म्हणतात," ती म्हणाली.

"म्हणजे ठिगळ."

"ठिगळ नका हो म्हणू, बाई. ठिगळ लावलं की कपडा जड होतो. मी जास्तीचे टाके काढते."

आणि खरंच, तिचं काम म्हणजे काढणं. त्या प्रचंड पसाऱ्यात कुठेतरी तेच गणित पुन्हा पुन्हा होत असायचं, कुठे एकच गोष्ट दोनदा तपासली जायची. भाभी ते शोधायची आणि एखादी ओळ कमी करायची. मला समजावं म्हणून तिने एकदा कागदावर उदाहरण लिहून दाखवलं. मी म्हटलं, "अगं, हे तर सामाईक अवयव कंसाबाहेर काढणं! आठवीचं गणित." ती इतकी खूश झाली की पुढे आमच्यात तोच शब्द झाला. मी गडग्याशी उभी राहून विचारायची, "आज कंसाबाहेर काही आलं का?" बहुतेक दिवशी ती नकारार्थी मान हलवायची.

एका ओळीने असा किती वेळ वाचतो? पापणी लवायच्याही कितीतरी कमी. मी ते बोलून दाखवलं, तर म्हणाली, "एकदा चालली तर न्हाय वाचत. पण ही ओळ किती यंत्रांत, दिवसातून किती वेळा चालते, बघा विचार करून." आणि या कामाचे कुणी पैसे देत नव्हतं. हाजराबींना याचंच मोठं कोडं. खाटेवरून त्या मला ऐकवायच्या, "अख्खा दिवस बसून एक ओळ खोडलीन, नि वर दमली म्हणते!" भाभी हसून त्यांचे पाय चेपायला बसायची.

स्क्रीनशी ती मोठ्याने बोलायची. कोडमधल्या प्रत्येक गोष्टीला ती 'हा' म्हणायची. "हा बघा, हा इथे उगाच थांबलाय. का रे बाबा? कुणाची वाट बघतोस?" खिडकीबाहेरून जाणाऱ्या माणसाला वाटावं, घरात कुणी पाहुणा आलाय.

सुधारणेची ही सवय घरात मात्र तिला एकदा भोवली. स्वयंपाकघरात आपल्या उगाच फेऱ्या होतात म्हणून तिने सगळे डबे नव्या जागी लावले. चुलीजवळ मीठमसाला, पाण्याजवळ तांदूळ, अगदी शास्त्रशुद्ध. हाजराबी तेव्हा काठी टेकत थोडं चालू लागल्या होत्या. दुपारी भाभीचा डोळा लागलेला असताना त्या स्वतःसाठी सरबत करायला गेल्या आणि सवयीच्या जागेवर हात घालून साखरेऐवजी पेलाभर मीठ ढवळून प्यायल्या. मग जो आवाज चढला तो आमच्या आळीपर्यंत आला. "घर हाय हे! मशीन न्हाय!" भाभीने त्याच संध्याकाळी सगळे डबे जुन्या जागी नेले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "माझ्या फेऱ्या मोजल्या, बाई. अम्मांच्या मोजायच्या राहिल्या."

पॅचपेक्षा त्याच्याबरोबरचं पत्र लिहायला तिला जास्त वेळ लागे. बदल काय केला ते तिथे दिसतंच. तो का केला, हे पत्रात पटवावं लागतं. पत्र इंग्रजीत असे, पण पाठवण्याआधी ती मला मराठीत सांगायची. "तुम्हाला कळलं तर त्यांना कळेल." कर्नलमधल्या तिच्या भागाची देखभाल करणारा एक गृहस्थ थंडीच्या कुठल्याशा देशात राहायचा. त्याच्या होकाराशिवाय काही आत जात नसे. भाभी त्याला 'मुकादम' म्हणायची.

तिचा पहिला पॅच मुकादमाने परत केला होता. उत्तर दोन वाक्यांचं: याने नेमका फायदा काय? आकडे कुठे आहेत? मी म्हटलं, "काय उद्धट माणूस!" भाभीचा चेहरा मात्र सणासारखा. "उद्धट कसला? वाचलंन की त्याने! रोज किती ढीग येत असेल त्याच्याकडे." तिने आकडे काढले आणि पुन्हा पाठवलं. पुन्हा परत आलं. तिसऱ्या खेपेला घेतलं गेलं. इक्बालभाई सुट्टीवर आले की आम्हाला अभिमानाने सांगायचे, "आमच्या बेगमला जगभरातले लोक नावं ठेवतात. दुसऱ्या कुणाच्या बेगमला ठेवतात का?"

अशी वर्षं गेली. मग तिला ती ओळ सापडली.

कर्नल फाइल वाचतो तेव्हा लागेल तेवढंच आणत नाही, पुढचंही थोडं आधीच आणून ठेवतो. म्हणजे खेपा वाचतात. एका खेपेत किती आणायचं यावर एका जुन्या ओळीने मर्यादा घातली होती. ती कुणी आणि का घातली, याची कुठेही नोंद नव्हती. भाभीने ती ओळ काढून पाहिली. मोठ्या फाइली झपाट्याने उघडू लागल्या. तिने मोजलं, पुन्हा मोजलं, पत्र लिहिलं. या वेळी मुकादमाने पहिल्याच फटक्यात होकार दिला आणि वर लिहिलं, छान काम. दोन-तीन देशांतून लोकांनी कळवलं की आमच्याकडेही फरक दिसतोय. शमीमभाभीने त्या दिवशी गरम चहा प्यायला. मी पाहिलं.

त्यानंतर पुण्याच्या एका कंपनीचा फोन आला. त्यांनी तो पॅच पाहिला होता. व्हिडिओवर मुलाखती झाल्या. श्रीवर्धनात राहून काम करायला त्यांची हरकत नव्हती. सगळं पक्कं, फक्त नेमणुकीचा कागद यायचा होता. भाभीने कोपऱ्यातल्या खोलीच्या खिडकीला स्वतः हिरवा रंग दिला. मी विचारलं, "तुला नोकरी हवी होती? कधी बोलली नाहीस."

ब्रश हातात तसाच धरून ती म्हणाली, "अम्मांचं मी मनापासून करते, बाई. त्याचं काही न्हाय. पण दिवसभरात माझ्या कामाबद्दल एक वाक्य बोलायला माणूस न्हाय. तुम्ही आहात, पण तुम्हालाही मी किती पिडणार? सकाळी कुणीतरी म्हणावं, शमीम, कालचं ते तुझं बघितलं. एवढंच."

त्याच सुमारास शाळेत नवे संगणक आले आणि जुने भंगारात निघाले. मी भाभीला सांगितलं. "फेकू नका," ती म्हणाली. टेंपोत घालून आम्ही चार आणले, त्यातले दोन जिवंत निघाले. सुपारी वाळवायच्या पडवीत तिने ते मांडले. नवी प्रणाली घालून चालते करू, वाचनालयात मुलांना उपयोगी पडतील, असा बेत होता. प्रणाली घातली, चालूही झाले. पण फाइल उघडायला लावली की संगणक घरघरत बसायचा.

"जुना आहे गं," मी म्हटलं.

"जुना हाय म्हणून हळू हाय, ते खरं. पण आधीच्या प्रणालीवर हा याच्याहून चपळ होता. आज जास्त हळू का?"

दोन दिवस आम्ही पडवीत बसलो. ती आधीचा कर्नल घालायची, मी बटण दाबून वेळ सांगायची. मग नवा घालायची, मी पुन्हा वेळ सांगायची. दोन्ही संगणकांवर तेच. शेवटी तिने नव्या कर्नलमध्ये ती काढलेली जुनी ओळ परत घातली आणि म्हणाली, "दाबा." फाइल लगेच उघडली.

भाभीने चष्मा काढला. तो दोरीवर लोंबत राहिला.

"माझीच ओळ," ती म्हणाली.

मला समजलं ते एवढं: या जुन्या यंत्रांची मेमरी लहान. एका खेपेत जास्त आणलं की ठेवायला जागा नाही. मग आधीचं, कामाचं, बाहेर फेकायचं आणि ते पुन्हा आणायला निघायचं. खेपा वाचायच्या ऐवजी वाढत होत्या. ज्या कुणी ती मर्यादा घातली होती, त्याने अशाच यंत्रांसाठी घातली होती. फक्त तसं लिहून ठेवलं नव्हतं.

जगात कुणी तक्रार केली नव्हती. ज्यांची यंत्रं नवी, त्यांना फायदाच झाला होता. त्या संध्याकाळी मी तिच्या घरी होते. ती भाकऱ्या थापत होती आणि फोनवर इक्बालभाई होते. हात पिठात म्हणून फोन स्पीकरवर.

"थोडे दिवस थांब," ते म्हणाले. "कागद हातात येऊ दे. मग काय ते कळव. ज्या कामावर ते तुला घेतायत, तेच काम चुकलं म्हणून तू आज सांगणार?"

"आजच सांगावं लागेल."

"कुणी विचारलंय का तुला?"

"न्हाय ना. तेच तर." तिने भाकरी तव्यावर टाकली. "जुनी मशीनं कुणाकडे असतात, सांगा. ज्यांना नवी घेता येत न्हाईत त्यांच्याकडे. ते कुणाला लिहिणार? त्यांना वाटत असेल, आपलं मशीन म्हातारं झालं. बाईंना पंप म्हातारा वाटला होता ना, तसं."

"बरं," इक्बालभाई म्हणाले, "लिही. तुझं तू जाणतेस."

आतून हाजराबींचा आवाज आला, "कसला कागद यायचाय? मला न विचारता नोकरी धरणार होतीस काय?" भाभी पीठभरल्या हातांनी तशीच आत गेली, आणि बराच वेळ त्यांची समजूत घालत बसली. भाकरी मी उलटली.

तिचं ते पत्र मी ऐकलं. सबब एकही नव्हती. माझ्या बदलामुळे कमी मेमरीच्या यंत्रांवर काम मंदावतं, हे मला आत्ता कळलं, ही मोजमापं, तो बदल मागे घ्यावा अशी विनंती. हेच तिने पुण्याच्या त्या माणसालाही कळवलं. बदल मागे घेतला गेला. मुकादमाने लिहिलं, धन्यवाद. पुण्याहून आधी काहीच आलं नाही. मग आलं की सध्या ती जागा भरायचं लांबणीवर टाकलंय. खरंच लांबणीवर टाकलं होतं की या पत्रामुळे, ते आम्हाला कधी कळलं नाही.

मी गडग्याशी गेले तेव्हा ती पडवीत सुपाऱ्या निवडत होती. म्हटलं, "वाईट वाटतंय?"

"वाटतंय ना," ती म्हणाली. डोळे पुसायलाही तिने हात वर नेला नाही. "खूप वाटतंय. दोन-चार दिवस वाटू दे."

दोन-चार दिवसांहून जास्तच वाटलं. कोपऱ्यातल्या खोलीची हिरवी खिडकी बरेच दिवस बंद होती. हाजराबीसुद्धा काही बोलायच्या नाहीत. उलट एका दुपारी त्यांनीच काठीने ती खिडकी ढकलून उघडली आणि म्हणाल्या, "बस जा गो तुझ्या त्या डब्यापुढं. घरात नुसती फिरतेस, मला चक्कर येते."

पुढच्या काही महिन्यांत तिने नवा पॅच केला. यंत्राची मेमरी लहान असेल तरच मर्यादा, नाहीतर नाही. फायदा पहिल्यापेक्षा थोडा कमी, पण तोटा कुणालाच नाही. आणि आयुष्यभर ओळी कमी करणाऱ्या या बाईने त्यात दोन ओळी जास्तीच्या लिहिल्या: ही मर्यादा इथे का आहे, ती काढण्यापूर्वी काय तपासावं. मला विचारलं, "बाई, चाचणी करणारी म्हणून तुमचं नाव टाकू? तुमची परवानगी लागते."

"मी काय केलं? बटण दाबलं."

"तीच चाचणी."

मी हो म्हटलं. अजून कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

तो पॅच घेतला गेला, आणि त्यानंतर मुकादमाचं एक वेगळंच पत्र आलं. कर्नलच्या त्या कोपऱ्यात इतर लोक जे बदल पाठवतात, ते आधी तू तपासशील का? स्वतःची चूक न विचारता सांगणारी माणसं मला फार मिळत नाहीत, असं त्याने लिहिलं होतं. या कामालाही पगार नव्हताच. पण आता रोज सकाळी तिच्या नावाने पत्रं येऊ लागली: ब्राझीलहून, कोरियाहून, कुठकुठल्या गावांहून. 'शमीम, हे बघशील का?' ती मला वाचून दाखवायची आणि तो 'शमीम' शब्द जरा मोठ्याने म्हणायची.

गेल्या हिवाळ्यात हाजराबी गेल्या. शेवटचे दिवस भाभी त्यांच्या खाटेशी बसून होती, लॅपटॉप मिटलेला. चाळिसावा झाला, घर आवरलं, ते दोन संगणक वाचनालयात लागले. आता इथे थांबायला कारण उरलं नव्हतं. ती मस्कतला निघाली.

गाडी मोहल्ल्याच्या तोंडाशी उभी होती. सामान चढलं होतं, ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला होता. मुंबईचा विमानतळ म्हणजे घाटातून सहा-सात तासांची वाट. मी निरोप द्यायला गेले तर ही घराच्या पायरीवर बसलेली, मांडीवर लॅपटॉप उघडा.

"अगं, विमान चुकेल!"

"एकच मिनिट, बाई. कुणीतरी पहिल्यांदा पॅच पाठवलाय. नावावरून मुलगा की मुलगी तेही कळत न्हाय. पत्रच लिहिलेलं न्हाय बरोबर, नुसती ओळ पाठवलीय. प्रवासात मला दोन दिवस जमणार न्हाय, नि तिकडे ते माणूस सारखं उघडून बघत असेल." तिने चष्मा नाकावर चढवला. "हे ऐका, कडक तर न्हाय ना वाटत?"

आणि तिने लिहिलेलं मला मराठीत सांगितलं: तुमची ओळ बरोबर आहे. ती का बदलली, तेवढं चार शब्दांत लिहून पुन्हा पाठवा. घाई नाही. मी वाट बघते.

"नाही," मी म्हटलं. "कडक नाही."

तिने ते पाठवलं, लॅपटॉप मिटला, मला घट्ट धरलं आणि ओढणी सावरत गाडीकडे पळत सुटली.